हॉर्डनच्या घरातली लोखंडी झडप आणि एक पितळी बिल्ला (इंग्लंडातल्या खाणगावात राहिलेलं कुणी आहे का इथे?)

हॉर्डनची_नवी:

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल पण विचारतेच.

दीड वर्षापूर्वी आम्ही हॉर्डनला घर घेतलं. हे इंग्लंडात, डरहॅम काउंटीत, अगदी समुद्राच्या काठावर. नवऱ्याचं काम हार्टलपूलला, २०२० मध्ये इथलं रेल्वे स्टेशन परत सुरू झालंय त्यामुळे जाणंयेणं सोपं, आणि खरं सांगायचं तर आमच्या बजेटमध्ये दुसरीकडे कुठे घर बसतच नव्हतं. गाव पूर्वी कोळशाच्या खाणीचं होतं आणि खाण १९८७ मध्ये बंद झाली एवढंच माहीत होतं. इथल्या जुन्या रस्त्यांना नावं नाहीत, नुसते नंबर, फर्स्ट स्ट्रीट, सेकंड स्ट्रीट करत करत थर्टीन्थपर्यंत. विटांच्या एकसारख्या घरांच्या रांगा आणि रांगांच्या पाठीमागे बोळ.

तर आमच्या मागच्या अंगणाच्या भिंतीत, बोळाच्या बाजूला, एक लोखंडी झडप आहे. चौकोनी, दीड-दोन फुटांची, गंजून घट्ट बसलेली. तिच्या आतल्या बाजूला एक अंधारी खोली, आम्ही तिला स्टोअररूमच समजत होतो. गेल्या महिन्यात ती रिकामी करताना कोपऱ्यातल्या मातीत (माती कसली, काळी पूडच ती) एक पितळी बिल्ला सापडला. रुपयापेक्षा मोठा, वरच्या बाजूला भोक आणि मधे ठोकलेला नंबर. चिंचेनं घासला तर लख्ख निघाला.

शेजारी एक आजी राहतात, ८६ वर्षांच्या. जन्म इथलाच, वडील खाणीत, नवरा खाणीत, दोन्ही भाऊ खाणीत. खूप प्रेमळ आहेत, माझ्या मुलीला हाक मारून बिस्किटं देतात. पण खाणीचा विषय निघाला की गप्प होतात किंवा पावसापाण्यावर घसरतात. नवरा छातीच्या आजारानं गेला म्हणे. मला त्यांना बिल्ला दाखवायचाय पण भीती वाटते की नकळत कुठेतरी दुखावेन. म्हणून आधी तुम्हाला विचारते, या गावांतलं रोजचं राहणं कसं होतं? बायकांचं, मुलांचं? ही झडप कसली? बिल्डर म्हणतोय बुजवून टाकू. इतिहासाची पुस्तकं मिळतात हो, पण त्यात संप आणि अपघात सोडून काही नाही.

---

डॉक्टरांची_लेक:

ताई, तुमची पोस्ट वाचून हातातलं काम टाकून बसले. आधी हे ऐका, झडप बुजवू नका!!

मी ईझिंग्टन कोलिअरीत वाढले, तुमच्या शेजारचंच गाव. बाबा सोलापूरचे, १९६८ ला इकडे आले आणि गावात डॉक्टर म्हणून लागले. त्या काळात आपल्याकडचे पुष्कळ डॉक्टर अशाच गावांत लागले कारण इंग्लिश डॉक्टरांना तिथे जायचं नसायचं. तुमच्याकडे रस्त्यांना नंबर तसं आमच्याकडे अक्षरं, एका बाजूच्या सगळ्या रस्त्यांची नावं ए वरून आणि दुसऱ्या बाजूची बी वरून. लहानपणी मला वाटायचं सगळ्या जगात असंच असतं.

ती झडप कोळशाची. खाणीत काम करणाऱ्याला पगाराबरोबर कोळसा मिळायचा, निवृत्त झालेल्यांना आणि विधवांनाही थोडा कमी मिळायचा. लॉरी यायची आणि प्रत्येकाच्या दारामागे बोळात ढीग ओतून निघून जायची. मग फावड्यानं तो ढीग त्या झडपेतून आत लोटायचा. तो आवाज माझ्या कानात अजून आहे, फावडं सिमेंटवर घासल्याचा खर्र आणि पाठोपाठ आत कोळसा घरंगळल्याचा गडगडाट, एका घराचा थांबला की पुढच्या घराचा सुरू. म्हातारं माणूस असेल तर शेजारची पोरं भरून द्यायची आणि आजी त्यांच्या हातावर नाणं ठेवायची. तुमची स्टोअररूम ती कोळशाची खोली. आणि ताई, हा कोळसा फक्त थंडीसाठी नव्हता, चुलाण्यामागेच पाण्याची टाकी असायची त्यामुळे गरम पाणी हवं तर भर जुलैतसुद्धा आग पेटवावी लागायची.

आता बायकांचं विचारलंत म्हणून. सोमवार धुण्याचा. बोळाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या, सगळी चादरी-शर्टांची कमान. आणि नेमकी तेव्हाच कोळशाची लॉरी आली तर बायका धावत बाहेर, बांबूनं दोऱ्या वर उचलून धरायच्या आणि लॉरी खालून जायची. आईनं पहिल्या महिन्यात नेसूची पांढरी साडी वाळत घातली होती, लॉरीनंतर ती करडी झाली. दुसऱ्या दिवशी शेजारीण आली, आईला पेट, हिनी असं काहीबाही म्हणत (म्हणजे आपलं बाई गं, राणी गं) तिला धरून अंगणात नेलं आणि वाऱ्याची दिशा कशी बघायची, खाणीकडून वारा असेल तर काय बाहेर घालायचं नाही हे सगळं खुणांनी शिकवलं. आईला तेव्हा इंग्रजी धड येत नव्हतं आणि त्या बाईचं इंग्रजी बाबांनासुद्धा समजत नव्हतं. पण दोघींचं जन्मभर जमलं.

आमच्या आधीच्या पिढीचं तर आणखी कठीण होतं. खाणीवर अंघोळीची सोय व्हायच्या आधी माणसं तशीच काळी घरी यायची, आणि आगीसमोर पत्र्याच्या टबात अंघोळ. घरात बाप आणि तीन मुलगे असतील तर चौघं चार पाळ्यांना. एक मध्यरात्री उठून जातोय, एक पहाटे येतोय, प्रत्येकाला गरम पाणी, प्रत्येकाला ताजं जेवण, ओले कपडे आगीसमोर वाळवायचे आणि वाळले की आपटून धूळ काढायची. बाईनं झोपायचं कधी? एका म्हातारीनं बाबांना सांगितलं होतं की लग्नानंतर वीस वर्षं ती खुर्चीतच डुलक्या काढत होती. काही घरांच्या दाराशेजारी भिंतीत पाटी बसवलेली असायची, त्यावर खडूनं उठवायची वेळ लिहायची आणि उठवणारा माणूस रात्री फिरून दार ठोकायचा. कुठे जुन्या भिंतीत पाटी दिसली तर बघून ठेवा.

बाबांच्या दवाखान्यात वेटिंगरूममध्ये बोलण्यापेक्षा खोकला जास्त ऐकू यायचा. माणसांच्या हातावर, कपाळावर, पाठीवर निळे व्रण असायचे, गोंदल्यासारखे. जखमेत कोळशाची धूळ राहून वरून कातडी भरून आली की तो रंग कायमचा. पाठीच्या मणक्यांवर तर ओळीनं, बटणं लावल्यासारखे, खालच्या छताला घासून घासून. जुन्या लोकांची समजूत होती की पाठ रोज धुतली की कंबर कमजोर होते, त्यामुळे बाबा तपासायला शर्ट काढा म्हणाले की ती माणसं लाजायची. दारात मात्र न सांगता काहीतरी ठेवलेलं असायचं. लीक (ती जाड कांद्याच्या पातीसारखी भाजी, इकडे तिची स्पर्धा असते आणि लोक आपलं लीक रात्रभर राखायला बसतात), कधी अंडी. कुणी ठेवलं ते कधी कळायचं नाही.

सरकार खाणी बंद करायला निघालं म्हणून देशभरच्या खाणकामगारांनी संप केला, त्या वर्षी, १९८४ ला, मी १४ वर्षांची. संप मार्चमध्ये सुरू झाला आणि पुढच्या मार्चपर्यंत चालला. ऑगस्टमध्ये एका माणसाला कामावर आत न्यायचं म्हणून आमच्या गावात इतके पोलीस आले की मी शाळेची वाट बदलली. कोळसा बंद, पगार बंद. माणसं समुद्रावर जाऊन लाटांबरोबर येणारा कोळसा पोत्यात भरायची आणि सायकलच्या दांडीवर टाकून चढ चढून आणायची. बायकांनी हॉलमध्ये रोजचं जेवण सुरू केलं. आईनं तिथे बटाटे सोलले, अगदी रोज, साडी खोचून. ख्रिसमसला फ्रान्समधल्या कामगार संघटनांनी पोरांसाठी खेळणी पाठवली होती, माझ्या मैत्रिणीला मिळालेल्या बाहुलीच्या खोक्यावर सगळं फ्रेंचमध्ये लिहिलेलं होतं.

खूप लिहिलं. आजींना विचारायचं असेल तर खाणीबद्दल विचारू नका. धुण्याबद्दल विचारा.

---

खाणीतला_माणूस:

मी चंद्रपूरचा, भूमिगत खाणीत ३१ वर्षं काढली, ओव्हरमन (म्हणजे खाली पाळीवर देखरेख करणारा) म्हणून निवृत्त झालो. इंग्लंड पाहिलं नाही पण आमच्या कामाचे सगळे शब्द तिकडूनच आलेले, ओव्हरमन, शॉटफायरर, हॉलेज, गोफ, बोर्ड अँड पिलर. त्यामुळे बिल्ल्याबद्दल मी सांगू शकतो.

ते टोकन आहे. तिकडे टॅली किंवा चेक म्हणतात. खाणीखाणीत पद्धत थोडी वेगळी असते पण मूळ गोष्ट एकच. नंबर माणसाचा, तोच नंबर दिव्याचा. लॅम्प रूममध्ये टोकन द्यायचं, दिवा घ्यायचा. दुसरं टोकन शाफ्टच्या (खाणीत उतरायच्या उभ्या विहिरीच्या) तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाकडे. वर आलं की परत घ्यायचं. म्हणजे पाळी संपल्यावर बोर्डाच्या खिळ्यावर एखादं टोकन टांगलेलं राहिलं की समजायचं, हा नंबर अजून खाली आहे. बाई, आम्ही वर आल्यावर पहिली नजर त्या बोर्डाकडे टाकायचो. आपलं नाही, जोडीदाराचं आहे का ते बघायला.

ईझिंग्टनचा उल्लेख वर ताईंनी केला. २९ मे १९५१ ला पहाटे तिथे स्फोट झाला. कोळसा कापणाऱ्या मशीनचे दात दगडातल्या पायराइटवर घासले, ठिणगी पडली, मिथेन पेटला आणि मग वाऱ्यावर उडालेली कोळशाची धूळ पेटत पेटत पुढे गेली. पाळी बदलायची वेळ होती त्यामुळे जाणारे आणि येणारे दोन्ही तिथेच होते. ८१ माणसं गेली आणि वाचवायला उतरलेले आणखी दोघं, एकूण ८३. अशा वेळी वरच्या माणसांच्या हातात फक्त हे पितळी तुकडे असतात. कोण खाली आहे ते यादीवरून नाही, टोकनवरून कळतं. म्हणून तुम्हाला मिळालेली ती वस्तू जपा एवढीच विनंती.

हॉर्डन आणि ईझिंग्टन दोन्ही खाणी समुद्राखाली गेलेल्या. शाफ्ट किनाऱ्यावर, कोळसा समुद्राच्या तळाखाली. जसजसा कोळसा संपतो तसं काम लांब जातं आणि पाळीतला कितीतरी वेळ नुसता पोचण्यात जातो.

आणखी एक जुनी पद्धत डरहॅमची, कॅव्हिलिंग. दर तिमाहीला चिठ्ठ्या टाकून ठरवायचं की कोण कुठे कोळसा फोडणार. एके ठिकाणी कोळसा मऊ, छत चांगलं, दुसरीकडे गुडघाभर पाणी. कमाई कोळशावर, त्यामुळे जागा साहेबानं वाटली असती तर वशिला आला असता. चिठ्ठीमुळे वशिला नाही. जी जागा निघेल ती दोघातिघांची, पाळी वेगवेगळी पण कमाई एकत्र, नंतर वाटून घ्यायची. त्या जोडीदाराला मॅरा म्हणतात. आपला पैसा आणि जीव दोन्ही ज्याच्या हातात तो मॅरा. तुमच्या गावच्या पार्कमध्ये याच नावाचा खाणकामगाराचा पुतळा आहे ना? फोटो पाहिला होता, छातीतून काळीज उपटून काढलेला.

आणि खाण बंद झाली म्हणजे काम संपलं असं नसतं. पंप थांबले की पाणी चढतं. तुमच्या भागात वरच्या चुनखडीत पिण्याचं पाणी आहे, खाणीचं खारट लोहाचं पाणी त्यात मिसळू नये म्हणून हॉर्डनला आजही पाणी उपसून स्वच्छ करतात.

---

शेरवुडचा_मराठी:

वर सगळे डरहॅमबद्दल लिहितायत, मी नॉटिंगहॅमशायरमधून लिहितो, मॅन्सफिल्डजवळ राहतो २००९ पासून. इथे चित्र वेगळं आहे आणि तेही कुणीतरी सांगायला हवं.

१९८४ च्या संपात इथले बहुतेक कामगार कामावर जात राहिले. त्यांचं म्हणणं, देशभर मतदान न घेता संप लादला. यॉर्कशायरहून पिकेट करायला (खाणीच्या दारात उभं राहून कामावर जाणाऱ्यांना अडवायला) माणसं यायची. मार्चमध्येच ऑलर्टनला त्यातला २४ वर्षांचा एक मुलगा मेला. पुढे इथल्यांनी १९८५ मध्ये वेगळी युनियन काढली. त्यांना वाटलं आपल्या खाणी वाचतील. नाही वाचल्या. शेवटची थोर्सबी, २०१५ च्या जुलैत गेली, आणि डिसेंबरमध्ये यॉर्कशायरची केलिंग्ली बंद झाली तेव्हा देशातली खोल खाणच संपली.

मी ज्या गोदामात कामाला आहे ते एका जुन्या खाणीच्या जागेवर आहे. आमच्याकडे दोन म्हातारे सिक्युरिटीला होते, दोघंही त्याच खाणीतले. एक आला की दुसरा कॅन्टीनमधून उठून बाहेर उभा राहायचा, पावसातसुद्धा. मला वाटलं भांडण झालं असेल काहीतरी. सुपरवायझरनं सांगितलं की एक संपावर होता, एक कामावर गेला. स्कॅब म्हणतात, आपला फितूर शब्द त्यापुढे सौम्य वाटतो. दोघांची घरं एकाच रस्त्यावर. एकमेकांच्या आईच्या अंत्ययात्रेला गेले नाहीत. मी त्या दोघांनाही चहा नेऊन द्यायचो आणि दोघंही माझ्याशी फार चांगलं वागायचे, त्यामुळे मला कुणा एकाची बाजू घेता येत नाही.

म्हणून ताई, त्या आजींना संपाबद्दल विचारताना जपून. घरात भाऊ-भाऊ असतील तर कोण कुठे होतं माहीत नसतं.

---

रात्रपाळी:

सगळं वाचलं, छान लिहिताय सगळे. फक्त एक म्हणायचंय, एकोपा होता, शेजार होता हे खरं, पण त्याच्या आधीचा काळ विसरू नये. १८३८ मध्ये यॉर्कशायरात सिल्कस्टोनजवळच्या हस्कर खाणीत वादळाचं पाणी शिरून २६ मुलं गेली, त्यानंतर कुठे १८४२ मध्ये कायदा होऊन बायका आणि दहा वर्षांखालची मुलं खाली उतरवणं बंद झालं. म्हणजे दहा वर्षांचा मुलगा चालत होता! माझा मुलगा आत्ता दहाचा आहे, अंधारात बाथरूमला जायला मला उठवतो.

---

डॉक्टरांची_लेक:

रात्रपाळी, अगदी बरोबर. बाबांना कुणी जुने दिवस चांगले होते म्हटलं की ते फक्त एक्स-रे काढून दाखवायचे.

पण दुसरी बाजूही आहे. १९५१ मध्येच काउंटी कौन्सिलनं आराखडा केला आणि ११४ गावं ड वर्गात टाकली. म्हणजे खाण संपत आलीय, आता इथे पैसा घालायचा नाही, नवीन घरं नाहीत, गाव आपोआप संपू दे. काही गावं खरंच पाडली. लोक ओरडून सांगत होते की आमची घरं दुरुस्त करा, आम्ही इथेच राहतो. बाबांचा एक पेशंट होता, त्याचं घर पाडलं, त्याला दुसरीकडे बाथरूमवालं चांगलं घर मिळालं, आणि तो दर रविवारी बस पकडून जुन्या जागेवर आपली कबुतरं उडवायला जायचा कारण कबुतरं नवीन घरी यायलाच तयार नव्हती. ते धोरण १९७७ पर्यंत चाललं. माझा राग त्यावर जास्त आहे, खाण बंद होण्यापेक्षाही. खाण कधीतरी संपणारच होती.

---

हॉर्डनची_नवी:

सगळ्यांचे मनापासून आभार. थोडं उशिरा लिहितेय पण सांगण्यासारखं झालंय.

सोमवारी मुद्दाम चादरी धुतल्या आणि अंगणात वाळत घालत होते तेव्हा आजी भिंतीशी आल्या. मी डॉक्टरांची लेक यांनी सांगितलं तसं नुसतं विचारलं की पूर्वी दोऱ्या कुठे बांधायचात. बस. तास-दीड तास उभ्याच होत्या, मी खुर्ची आणली तरी बसल्या नाहीत. त्यांच्या घरी वडील आणि दोन भाऊ, तीन पाळ्या. त्या अकरा वर्षांच्या असल्यापासून भावाची पाठ घासायच्या, आणि आई ओरडायची की मणक्यावर जोरात घासू नकोस. लॉरीच्या दिवशी कुणाचा ढीग मोठा यावरून भांडणं व्हायची तेही सांगितलं आणि हसल्या.

मग मी आत जाऊन बिल्ला आणला. हात थरथरत होता माझा. त्यांनी चष्मा वर करून नंबर वाचला आणि म्हणाल्या, नाही, हा आमचा नाही. आणि लगेच स्वतःच्या नवऱ्याचा नंबर सांगितला. मग वडिलांचा. मग दोन्ही भावांचे. न अडखळता, चारही. खाण बंद होऊन इतकी वर्षं झाली, आणि याच आजी स्वतःचा फोन नंबर फ्रिजवर लिहून ठेवतात. मी विचारलं नाही पण त्याच म्हणाल्या की नवरा कामावर गेला की त्या तो नंबर मनात म्हणायच्या, पाळी संपून बुटांचे आवाज बोळात येईपर्यंत.

बिल्ला त्यांनी परत माझ्या हातात दिला आणि सांगितलं की गावात विचारू, नंबर कुणाच्या तरी लक्षात असेल. पोस्टाजवळ रोज बसणारे तिघंजण आहेत, त्यांना दाखवणार आहोत.

झडप नवऱ्यानं तेल घालून दोन दिवसांत सैल केली, आता उघडते. बिल्डरला नाही सांगितलं. शेरवुडचा मराठी, तुमचं ऐकलं, संपाचं काही विचारलं नाही. त्यांनीही काढलं नाही.

एकच प्रश्न राहिला. आजी म्हणाल्या की जुलैत डरहॅमला बिग मीटिंगला (खाणकामगारांचा वार्षिक मेळावा) मला घेऊन जा, पाय दुखतात म्हणून त्या बरीच वर्षं गेल्या नाहीत. ८६ वर्षांच्या बाईला गर्दीत नेणं झेपेल का? कसं करायचं?

---

डॉक्टरांची_लेक:

न्याच! जुलैचा दुसरा शनिवार असतो. १८७१ पासून भरतंय आणि खाणी सगळ्या गेल्या तरी भरतंय. प्रत्येक गाव आपलं बॅनर आणि बँड घेऊन येतं, रेशमी बॅनर, पाच-सहा माणसांनी दोऱ्या धरलेल्या असतात कारण वाऱ्यानं ते शिडासारखं फुगतं. वर्षभरात खाणीत कुणी दगावलं असेल तर त्या गावाच्या बॅनरला काळं कापड बांधायचे. आजींना हॉर्डनचं बॅनर बघायचं असणार.

गाडी शहरात नेऊ नका, रस्ते बंद असतात. सकाळी लवकर जा, घडीची खुर्ची घ्या, आणि मैदानापर्यंत चालायला लावू नका. काउंटी हॉटेलच्या समोर सावलीत जागा धरा, प्रत्येक बँड तिथे थांबून एक गाणं वाजवतो आणि मगच पुढे जातो. आजींना तिथेच सगळं दिसेल. रेनकोट घ्या, छत्री नको, मागच्यांना दिसत नाही. आणि बिल्लाही बरोबर न्या, त्या दिवशी आजूबाजूच्या सगळ्या गावांतले म्हातारे तिथे असतात.